म्हणजे किती?

निवृत्त माणसांचे पडघ्यात ठरलेले प्रकार आहेत. काही देवळाच्या ओट्यावर बसतात. काही नाक्यावर उभं राहून महामार्गालगतची कुणाची जमीन कुठल्या गोदामवाल्याला कितीला गेली याचा हिशेब करतात. काही मुलाच्या दुकानात जाऊन बसतात आणि आलेलं गिऱ्हाईक बोलून बोलून परत पाठवतात. आमच्या शेजारचे आबा यांतल्या एकाही घोळक्यात नसतात. त्यांना वेळच नसतो. दर तासाला त्यांना नोंद करायची असते.

नळाला पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं. सिलिंडर कोणत्या तारखेला लावला, कोणत्या तारखेला संपला. लाइट गेली ती वेळ, आली ती वेळ. दूधवाला, पेपरवाला, शहापूरच्या बहिणीचा फोन. सगळं वहीत. वह्या दोनशे पानी, शिवलेल्या, आडव्या धरून पट्टीने आखलेल्या. भिंतीतल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात देव आहेत आणि खालच्या दोन कप्प्यांत वह्या. आजी म्हणतात, "देवांना एक कप्पा पुरतो, यांना दोन लागतात."

हा आजार नोकरीतून आलेला आहे. आबांचं सगळं आयुष्य गावच्या 400 केव्हीच्या उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून गेलं. दर तासाला यार्डातलं आणि कंट्रोल रूममधलं रीडिंग घ्यायचं: व्होल्टेज, करंट, मेगावॉट, फ्रिक्वेन्सी, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान, वाइंडिंगचं तापमान. शिफ्ट संपली की पुढच्या माणसाला सगळं सांगून, सही घेऊन मगच सायकलला हात लावायचा. 1999 साली चंद्रपूरहून 752 किलोमीटरची एचव्हीडीसी लाइन पडघ्यात येऊन पोचली, 1500 मेगावॉट वाहून आणणारी. आबा तिला "आमची लाइन" म्हणतात. मुंबईतल्या पाहुण्यांना ते जेवायच्या आधी एकदा आणि जेवल्यावर एकदा बजावतात की तुमच्या घरातला फ्रिज आमच्या जिवावर चालतो.

12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि बातम्यांत कळवा-पडघा 400 केव्ही हे शब्द आले, त्या दिवशी आबा निवृत्त असूनही घरात चप्पल घालून फिरत होते. उपकेंद्रात फोन लावला. तिथे लोकांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. "फोन उचलला नाही" अशी वेळेसकट नोंद वहीत आहे.

आबांचा आवडता प्रश्न एकच, "म्हणजे किती?" भाजीवाली म्हणाली, "आबा, मेथी स्वस्त झाली," तर म्हणजे किती. भाचीसाठी स्थळ आलं, मुलगा चांगला उंच आहे, तर म्हणजे किती. एकदा एका घरी समाचाराला गेलो होतो. गेलेल्या माणसाची बायको पदर डोळ्याला लावून म्हणाली, "फार सोसलं हो त्यांनी." आबांच्या ओठांची हालचाल मला दिसली. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

तर अशा माणसाला नातू झाला तो एका जागी न टिकणारा.

नातवाचं नाव वहीत कुठेही नाही, "चि." एवढंच आहे. चिरंजीवातला चि. मीही तेच वापरतो. चि. आठ वर्षांचा, तिसरीत. जेवताना ताट स्वयंपाकघरात, वाटी ओटीवर आणि स्वतः अंगणातल्या पेरूच्या झाडावर. शाळेतून एकदा एकाच बुटात आला, दुसरा कुठे गेला हे त्याला तितक्याच कुतूहलाने जाणून घ्यायचं होतं जितकं आईला. गणिताच्या वहीत पहिली दोन उदाहरणं बरोबर, तिसरं अर्धवट आणि त्याच्यापुढे ट्रकचं चित्र. ट्रक मात्र अप्रतिम, अठरा चाकी, मागच्या फळीवर लिहिलेल्या मजकुरासकट. महामार्गावरच्या गावातलं पोर ते.

गल्लीत सल्ल्यांना तोटा नव्हता. नजर काढा. ब्राह्मी द्या. बदाम भिजवून द्या. मोबाइल काढून घ्या (मोबाइल त्याला दिलेलाच नव्हता). दोन धपाटे द्या, हा सल्ला फुकट आणि घरोघर उपलब्ध. समोरच्या काकू म्हणाल्या, "फारच मस्तीखोर झालाय हो." आबांनी विचारलं, "म्हणजे किती?" काकूंनी हात हवेत फिरवून कितीतरी, असं दाखवलं. आबांना ते मान्य होणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानातून नवी वही आली.

पुढे सूनबाई त्याला कल्याणच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली तेव्हा आबा वहीसकट बरोबर गेले. सूनबाई भिवंडीजवळच्या एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. शंभर ट्रकांची आवक-जावक हाताळणारी बाई, तिला कुणी गोंधळवू शकत नाही. डॉक्टरांनी आधी नजर, कान, झोप सगळं विचारून घेतलं. मग एक तक्ता दिला, एक घरासाठी, एक शाळेतल्या बाईंसाठी. बारीकसारीक गोष्टींत चुका करतो का, सांगितलेलं अर्धवट सोडतो का, रांगेत थांबवतं का, मोटर लावल्यासारखा फिरतो का. लक्ष लागण्याचे नऊ प्रश्न, चंचलपणाचे नऊ, आणि प्रत्येकापुढे 0 ते 3 यातला आकडा लिहायचा. कधीच नाही तर 0, सतत तर 3.

आबा त्या कागदाकडे बराच वेळ प्रेमाने बघत राहिले. चार माणसांनी चार तऱ्हांनी सांगितलेल्या पोराला अखेर कुणीतरी आकडा लावायला निघालं होतं. घरी येऊन त्यांनी तक्ता भरला. पाचव्या प्रश्नापुढे त्यांनी 1.75 लिहिलं.

"आबा, असं चालत नाही," सूनबाई म्हणाली. "एक नाहीतर दोन."

"दोनला थोडं कमी आहे."

"मग दोन लिहा."

"उद्या ऑइल टेंपरेचर बासष्टला थोडं कमी असेल तर मी बासष्ट लिहू?"

"तो ट्रान्सफॉर्मर नाही, आबा."

"म्हणून तर वही वेगळी केली."

एडीएचडी हे नाव मिळालं तेव्हा घरात तीन तऱ्हा झाल्या. आजींना वाटलं, इतक्या अक्षरांचा म्हणजे मोठाच असणार. मुलगा, म्हणजे चि.चे वडील, काही बोलले नाहीत आणि बाहेर जाऊन मोटरसायकलची किल्ली शोधू लागले, जी ते रोजच शोधतात. आबांनी डॉक्टरांचं म्हणणं शब्दशः उतरवून घेतलं: पोर हुशार आहे, खोडकरपणाने करत नाही, लक्ष धरून ठेवायला मेंदूला जे लागतं ते त्याच्याकडे वेळेवर पोचत नाही. त्याखाली स्वतःच्या भाषेत: "जनरेशन पुरेसं. ट्रान्समिशनचा प्रश्न."

गोळी लगेच सुरू झाली नाही. आधी काही महिने बाकीचं. वर्गात पुढच्या बाकावर बसवायचं, अभ्यासाचे छोटे तुकडे करायचे, एका वेळी एकच काम सांगायचं, झालं की लगेच शाबासकी. सहा वर्षांच्या आतल्या मुलांच्या बाबतीत तर बहुतेक ठिकाणी आई-वडिलांनी शिकायचा भागच आधी येतो, औषध नंतर. चि. आठचा, त्याला याचा फायदा झाला, पण पुरेसा नाही. मग डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट लिहून दिलं. वजन, उंची, रक्तदाब, नाडी बघितली, घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का विचारलं. सुरुवात 5 मिलिग्रॅमने, सकाळच्या नाश्त्यानंतर.

हे औषध आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत औषधवाल्याने दोन वर्षं जपून ठेवायची, माल कुलपात, हिशेब वेगळा. सगळ्या दुकानांत ते मिळतही नाही. कल्याणला एका दुकानात मिळालं. तिथल्या माणसाने आबांकडून चिठ्ठीच्या दोन्ही प्रती घेतल्या, चष्मा लावून जुळवल्या, कुलूप काढलं, स्ट्रिप दिली, कुलूप लावलं, आणि एक जाडजूड रजिस्टर उघडून त्यात तारीख, नाव, नग, शिल्लक असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. आबा काउंटरला टेकून हे सगळं बघत होते. परतताना गांधारीच्या पुलावर, उल्हास नदी ओलांडताना, ते सूनबाईला म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी कामाचा माणूस भेटला."

घरी आजी तयारच होत्या. "पोराला गुंगीच्या गोळ्या देणार तुम्ही."

सूनबाईने समजावलं की ही गुंगीची नाही, उलट तरतरी आणणाऱ्यांपैकी आहे, आणि अशा मुलांना त्यानेच स्थिर बसता येतं. आजींना हे पटण्याचं काहीच कारण नव्हतं. मलाही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पटलं नव्हतं. मी थोडं वाचलेलं होतं ते सांगितलं. 1937 साली अमेरिकेत ईस्ट प्रॉव्हिडन्स नावाच्या गावी चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरने आपल्या इस्पितळातल्या तीस मुलांना बेन्झेड्रिन नावाचं याच जातीचं औषध आठवडाभर देऊन पाहिलं, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी मुलं शाळेच्या अभ्यासात एकदम सुधारली.

"निम्मी म्हणजे किती?"

"चौदा."

आबांनी मान हलवली. माझ्याबद्दल त्यांचं मत त्या दिवसापासून सुधारलं असावं.

त्यांना खुश करायला मी दुसरीही गोष्ट सांगितली. मिथाइलफेनिडेट 1944 साली स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझ्झोन या रसायनतज्ज्ञाने बनवलं. त्याची बायको मार्गरीट, लाडाने रीटा, टेनिस खेळायच्या आधी ते घ्यायची. पुढे औषध बाजारात आलं ते तिच्याच नावावरून, रिटालिन म्हणून. आजी पोळपाट थांबवून म्हणाल्या, "बघा. बायकोच्या नावाने औषध काढलं त्याने. तुम्ही माझ्या नावाने एक वही तरी काढलीत का?" आबांनी उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी आजींच्या गुडघ्यांची वही सुरू झाली, हे मला नंतर कळलं.

गोळी सुरू झाली आणि आबांची जुनी शिफ्ट पुन्हा सुरू झाली. पानाची आखणी अशी: वेळ, मात्रा, भूक, पोट, डोकं, नाडी, अभ्यास, रुसवा, झोप आणि शेवटी शेरा. नाडी ते मनगटावर बोट ठेवून घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजतात, पंधरा सेकंद मोजून चारने गुणणारी माणसं त्यांना मनापासून आवडत नाहीत. वजन किराणा दुकानाच्या काट्यावर. पण काटा खरा आहे याचा भरवसा काय? म्हणून आधी सीलबंद पाच किलोच्या साखरेच्या पोत्याचं वजन करायचं, काटा किती खोटा दाखवतो ते लिहायचं, मग चि.ला उभं करायचं आणि तेवढं वजा करायचं. मागे रांगेत उभी माणसं हातात पिशव्या घेऊन ही सगळी पूजा बघत राहतात. दुकानदार एकदा चिडून म्हणाला, "आबा, माझ्या काट्यावर सरकारचा शिक्का आहे." आबा म्हणाले, "शिक्का आहे, रीडिंग नाही."

चि.ला मात्र हे सगळं भलतंच आवडलं. पहिल्यांदाच आपण काय करतो याच्याकडे कुणी ओरडण्याव्यतिरिक्त दुसऱ्या कारणासाठी बघत होतं. पाऊण तास झाला की तो स्वतःच येऊन वर्दी द्यायचा, "आबा, चालू झालो." दुपारी, "आबा, उतरलो." सूनबाईला हे बोलणं आवडायचं नाही. तिने दोघांनाही दम दिला: औषधाने चष्म्यासारखी मदत होते, चालू-बंद काही होत नाही. चि.ने "बरं" म्हटलं. आबांनी "बरं" म्हटलं. मग चि. आबांच्या कानात म्हणाला, "आबा, चष्मा काढला."

पहिल्या आठवड्यात डबा भरलेला परत येऊ लागला. हे होतं, या औषधाने दुपारची भूक मरते. आजींच्या दृष्टीने पोर उपाशी राहिलं म्हणजे घरावर संकट. "गोळी बंद करा" इथपर्यंत प्रकरण गेलं. आबांनी वही उघडून दाखवलं की भूक जाते ती साधारण दहा ते तीन. सकाळी गोळीच्या आधी ती जागेवर असते आणि रात्री साडेआठनंतर दुप्पट होऊन परत येते. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, पण डॉक्टर कल्याणला आणि वही घरात. तेव्हापासून आजींनी स्वयंपाकाचं वेळापत्रक बदललं. सकाळी गोळीच्या आधी तुपातला शिरा किंवा अंडं. दुपारी डब्यात जे खाईल ते, जबरदस्ती नाही. आणि रात्री नऊला गरम तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कधी सुकट. चि. तेव्हा असा काही जेवतो की आजी भाकऱ्या मोजायच्या विसरतात. आबा विसरत नाहीत.

संध्याकाळ अवघड. औषध उतरून गेलेलं आणि त्यात शाळेचा थकवा एकत्र आला की चि. साडेपाचच्या सुमाराला क्षुल्लक कारणावरून रडायचा, पेन्सिल फेकायचा, आईच्या अंगावर जायचा. अभ्यासाला नेमकं तेव्हाच बसवायची घरातली पद्धत होती. आबांनी सलग तीन संध्याकाळच्या नोंदी काढून सूनबाईपुढे ठेवल्या आणि सांगितलं, "ईव्हनिंग पीकला कुणी मेंटेनन्स काढत नाही." अभ्यास त्या वेळेतून उठला आणि तिथे सायकल आली.

एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे आबा काही दिवस गल्लीत चेष्टेचा विषय झाले होते. मध्यंतरी डॉक्टरांनी दिवसभर पुरणारी लांब पल्ल्याची गोळी देऊन पाहिली. ती चावायची नाही, तोडायची नाही, अख्खी गिळायची. दोन दिवसांनी सकाळी चि. संडासातून ओरडत आला, "आबा, गोळी बाहेर आली!" आबांनी शहानिशा केली. कशी केली ते मी विचारलं नाही. वहीतली नोंद अशी: "7.10. गोळी अखंड बाहेर. माल आत उतरला की नाही, विचारणे." डॉक्टरांना फोन. डॉक्टर हसले आणि म्हणाले, या प्रकारच्या गोळीतलं औषध हळूहळू पाझरून जातं, वरचं कवच विरघळत नाही, ते तसंच बाहेर पडतं, काळजी नको. आबांनी फोन ठेवला आणि कौतुकाने म्हणाले, "काय इन्सुलेशन आहे!"

मी स्वतः एकदा या तावडीत सापडलो. आबांना शहापूरला लग्नाला जायचं होतं. संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "भाऊ, एक दिवस चार्ज घ्या." मला वाटलं मोबाइलचा. ओसरीवर बसवून त्यांनी मला रकाने समजावले, पान उघडून माझी सही घेतली, वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी चि. शाळेतून आला, आमच्याकडे बसून ट्रक काढला, पोहे खाल्ले, मांजराशी खेळला. मी रात्री वहीत लिहिलं, "सर्व ठीक." आबा लग्नावरून आले ते अक्षता डोक्यावर तशाच घेऊन. पान बघितलं. त्यांचा चेहरा पडला.

"भाऊ, 'सर्व ठीक' ही नोंद नव्हे. हे मत झालं."

आता वाचणाऱ्याला वाटेल की हे एक चक्रम म्हातारं आहे आणि घरचे सहन करतात. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. डॉक्टरांनासुद्धा तिसऱ्या भेटीत सांगावं लागलं की आबा, तासातासाला नको, पोराला चोवीस तास पहारा वाटेल, दिवसातून तीनदा पुरे. आबा रिक्षात बसेपर्यंत गप्प होते. मग त्यांनी स्वतःची समजूत काढली: तीन म्हणजे तीन शिफ्ट.

पण एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर घडला. डॉक्टरांनी मात्रा एक पायरी वाढवली होती. त्या रविवारी घरात पाहुणे होते. चि. पाटावर मांडी घालून बसला. ताटातलं गपचूप खाल्लं. हात धुतले. पुन्हा येऊन बसला. कुणी मध्ये बोललं तर मान वर करून बघितलं आणि परत खाली. पाहुण्यांना हर्ष झाला. "काय गुणी झालाय हो!" समोरच्या काकूंनी तर नजर लागू नये म्हणून बोटं मोडली. आजींनी पहिल्यांदा कबूल केलं की गोळी चांगली आहे. सूनबाई दमलेली होती, तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी निवांतपणा दिसला. मी म्हणालो, "आबा, जिंकलात."

आबा चि.कडे बघत होते. त्यांनी त्याला हाक मारून एक कागद दिला आणि ट्रक काढायला सांगितला. चि.ने काढला. चार रेघा, दोन गोल. मागच्या फळीवर काही लिहिलं नाही. मागितल्याबद्दल तक्रार नाही, काढल्याचा आनंद नाही. कागद परत दिला आणि जाऊन भिंतीला टेकून बसला.

वहीत त्या दिवशी एक नवा रकाना आहे, पट्टी न लावता हाताने आखलेला. वर लिहिलंय, "हसला." खाली शनिवार, 0. रविवार, 0. आणि शेरा: "लोड नाही म्हणजे लाइन चांगली असं नव्हे. लाइन बंद असली तरी लोड शून्यच दिसतो."

पाहुणे गेल्यावर त्यांनी डॉक्टरांना फोन केला. घरातलं कुणी खुश नव्हतं. इतक्या दिवसांनी पोर शांत बसलंय तर म्हाताऱ्याला काय खुपतंय, असा सूर होता, मीही त्या सुरात होतो. डॉक्टरांनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं आणि मात्रा पुन्हा खाली आणली. मूल सुन्न, उदास, स्वतःतच मिटलेलं दिसू लागलं तर मात्रा त्याला जास्त होत असेल किंवा औषधच मानवत नसेल, हे ते पहिल्याच दिवशी सांगून मोकळे झाले होते. आम्ही सगळे तिथे असतो तर ऐकलंही असतं आणि विसरलोही असतो. शांत पोराची तक्रार कोण करतं?

दोन-तीन दिवसांत "हसला" या रकान्यात 4, मग 6 असे आकडे दिसू लागले. पेरूच्या झाडावर पुन्हा वर्दळ सुरू झाली. गणिताची पाचपैकी चार उदाहरणं पुरी व्हायला लागली आणि पाचव्यापुढे ट्रक. समोरच्या काकू म्हणाल्या, "परत सुरू झालं का याचं?" आबा म्हणाले, "हो. हवं तेवढंच."

त्याच आठवड्यातल्या एका शेऱ्याबद्दल मी आबांना काही विचारलं नाही. चि.च्या वडिलांना बोलावून आबांनी त्यांना वही वाचायला दिली होती, मुलाला काय काय होतं ते कळावं म्हणून. वडील उभ्याउभ्याच वाचत होते. हातात हेल्मेट, किल्ली शर्टाच्या खिशात असूनही ती शोधून झालेली. वाचता वाचता ते हसायला लागले आणि म्हणाले, "आबा, हे माझंच आहे की. मला तुम्ही यासाठी मार मार मारलंय." आबा काही बोलले नाहीत. हे दुखणं पुष्कळदा रक्तातून येतं असं डॉक्टर म्हणाले होते, तेही वहीत लिहिलेलं होतंच. संध्याकाळच्या शिफ्टच्या शेऱ्यात ओळ आहे: "याच्या बापाची वही ठेवायची राहिली."

चि. सध्या त्याच खालच्या मात्रेवर आहे. वजन महिन्याला थोडं थोडं वाढतंय, खोटं वजा करून. झोप पावणेदहाला. शाळेतल्या बाईंनी तक्ता पुन्हा भरला, त्यात बरेच 2 होते तिथे 1 आले आहेत. एका प्रश्नापुढे बाईंनी दीड लिहिलंय. आबा तो कागद खिशात घालून फिरतात.

डॉक्टरांनी आबांच्या पानाची झेरॉक्स मागून घेतली आणि ते ती नव्याने औषध सुरू केलेल्या घरांना दाखवतात. त्यामुळे हल्ली कल्याणहून, वासिंदहून कुणी ना कुणी ओटीवर येऊन बसलेलं असतं, मांडीवर एखादं चुळबुळ करणारं पोर घेऊन. आबा औषधाबद्दल एक अक्षर बोलत नाहीत, मात्रा कुणी विचारली तर सरळ डॉक्टरांचा रस्ता दाखवतात. रकाने मात्र स्वतः आखून देतात, "हसला" हा आता पहिल्या नंबरावर घेतला आहे. तुमच्यापैकी कुणाला हवे असतील तर खुशाल पडघ्याला या. येताना वही आपली आणा, दोनशे पानी आणि शिवलेली. सुट्या कागदावर आबा आखून देत नाहीत.